अणू, रेणू आणि पोळ्याची माती

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांत मराठी टिकून राहते ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि भांडणात. मुलांच्या दप्तरात तिला फारसा प्रवेश नसतो. चुकून शिरलीच, तर ती तेथे कोणता गोंधळ माजवते, याचा एक अनुभव मला काही वर्षांपूर्वी माहेरी आला. त्या गोंधळातून घरातील दोन मुलांचा अणुरेणूंशी जो परिचय झाला, तो आपल्यापैकी पुष्कळ पालकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही हकीकत लिहीत आहे.

माझे माहेर आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ. हैदराबाद-नागपूर महामार्ग सोडून पश्चिमेला आत वळले की साग, मोह आणि कापसाची शेते यांच्यामध्ये हे गाव लागते. कुंटाला आणि पोचेरा हे धबधबे पाहायला येणारी मंडळी जवळून जातात. गावात सहसा कोणी थांबत नाही. येथील आठवड्याच्या बाजारात एका टोपलीचा भाव तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी आणि उर्दू अशा पाच भाषांत होतो आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. पूर्वी हा तालुका निजामी मुलखात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यापैकी फक्त इस्लापूरचे मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात गेले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. म्हणजे एकाच तालुक्याच्या अंगावरून रेघ ओढली गेली. रेघेच्या पलीकडची मुले मराठीतून शिकू लागली आणि अलीकडची तेलुगूतून. ही रेघ एका तेरा वर्षांच्या मुलीच्या विज्ञानाच्या वहीत कशी उमटली, तेच सांगायचे आहे.

हैदराबादेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, त्यानंतरच्या एका श्रावणात पोळ्यासाठी बोथला गेले होते. दादांची नात, माझी भाचेनात म्हणा किंवा नातच म्हणा, तेव्हा आठवीत होती. एरवी मी गेले की पायात पायात घोटाळणारी ती पोर त्या वेळी गप्प होती. दोन दिवसांनी सूनबाईंनी मला वही आणून दाखवली. “आत्या, तुम्हीच बघा. मला तर काही कळेना झालंय.”

प्रश्न सरळ होता: मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणास काय म्हणतात? मुलीने तेलुगूत लिहिले होते, ‘अणुवु’. त्यावर तांबडी फुली. उत्तर तिने घोकलेले नव्हते, आदल्या रात्री आजोबांना विचारून घेतले होते. दादांचे शिक्षण नांदेडला, मराठीतून झालेले. त्यांनी ठामपणे सांगितले, “सर्वांत लहान तो अणू. अणू जुळले की रेणू.” मराठीत हे शंभर टक्के बरोबर. पण तेलुगूत सर्वांत लहान कण तो ‘परमाणुवु’, आणि परमाणू जुळून जो होतो तो ‘अणुवु’! वर्गात वाचून दाखवताना मुले हसली. शिक्षकांची चूक काही नव्हती; त्यांच्या भाषेत उत्तर चुकलेलेच होते.

मी तिला जवळ घेऊन विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आपल्या घरचं सगळं चूक असतं, आत्याआजी. मी आता घरी विचारणार नाही.”

एका गुणाचे दुःख मला नव्हते. पण तेराव्या वर्षी मुलीने आजोबांना प्रश्न विचारणे बंद करावे, आणि तेही आजोबा बरोबर असताना, हे मला सोसवेना.

खरे पाहता या बाबतीत मराठीच एकटी पडली आहे. हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड आणि तेलुगू या सर्व भाषांत ‘परमाणू’ हा मूलद्रव्याचा कण आणि ‘अणू’ हा त्यांचा जोडसमूह. मराठी परिभाषेने मात्र मूलद्रव्याच्या कणाला ‘अणू’ म्हटले आणि समूहासाठी ‘रेणू’ हा दुसरा शब्द घेतला. दोन्ही वाटा जुन्याच खाणीतल्या. वैशेषिक दर्शनात, ज्याचे कर्तृत्व कणाद मुनींकडे दिले जाते, अविभाज्य कणास परमाणू म्हटले आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा धूलिकण म्हणजे त्र्यणुक, अशी ती कल्पना. त्या धूलिकणास त्रसरेणू असेही नाव आहे, आणि रेणू म्हणजे धुळीचा कण. तेव्हा आपला ‘रेणू’ काही उपरा नव्हे. (यावरून आपल्या पूर्वजांना आधुनिक रसायनशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढणारी मंडळी भेटतात. शब्द आपले, ही गोष्ट खरी. पण पाण्यात दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो हे तराजू आणि काचपात्रे घेऊन शोधावे लागले, हीही तितकीच खरी.)

हे सारे मी नातीला समजावून सांगितले. तिने मान डोलावली. पण शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला मान डोलावण्याचा अर्थ कळतो. एका शब्दाचा गोंधळ दहा शब्दांनी निवारू पाहिला की उरतो तो अकरा शब्दांचा गोंधळ. तिला शब्द नको होते, वस्तू हवी होती. आणि वस्तू अंगणातच पडलेली होती.

पोळ्याचे बैल करण्यासाठी ओढ्याकाठची काळी चिकणमाती आणून, चाळून, मळून ठेवलेली होती. बैल झाले, पूजा झाली, तरी घमेलेभर माती शिल्लक होती. मी दोघा भावंडांना घेऊन बसले आणि लिंबाएवढ्या गोळ्या वळायला सांगितल्या. किती? म्हटले, तीसचाळीस तरी कराच. गोळ्या ओल्या असतानाच बाभळीच्या काट्याने भोके पाडायची आणि दोन दिवस सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवलेल्या पहिल्या आठदहा गोळ्या तडकल्या, तेव्हा सावलीचे महत्त्व पटले.

रंगांसाठी बाजारात जावे लागले नाही. कोळशाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवली की काळा रंग, चुन्याचा पांढरा, कावेचा तांबडा आणि कपड्यांच्या निळीचा निळा. काळी गोळी कार्बनची, पांढरी हायड्रोजनची, तांबडी ऑक्सिजनची, निळी नायट्रोजनची. ही वाटणी माझी नव्हे. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यान देताना क्रोके नावाच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून काड्यांनी जोडून दाखवले, तेव्हा हेच रंग योजले होते. आज जगभरच्या प्रयोगशाळांतील नमुन्यांत आणि संगणकाच्या पडद्यावर बहुधा तेच चालतात. कार्बनला कोळशाचाच रंग मिळाल्याने मुलांची तर पाठांतराची गरजच संपली.

मग नियम सांगितला. पांढऱ्या गोळीला एक हात, तांबडीला दोन, निळीला तीन, काळीला चार. पुस्तकात यालाच संयुजा म्हणतात. मी तो शब्द त्या दिवशी उच्चारलाही नाही. कोणाचाही हात मोकळा राहता कामा नये, एवढीच अट. गूल खरवडलेल्या काड्यापेटीच्या काड्या हे हात. “आता पाणी करा,” म्हटले. तांबड्या गोळीच्या दोन भोकांत दोन काड्या, काड्यांच्या टोकांना दोन पांढऱ्या गोळ्या. अर्ध्या मिनिटात पाणी तयार झाले आणि धाकट्याने ते लगेच पिण्याचा आव आणला.

ती पांढरी गोळी उचलून मी नातीला विचारले, “हे काय?” ती कचरली. मग म्हणाली, “आपल्यात अणू. शाळेत परमाणुवु.” आणि पाण्याचा तो त्रिकूट? “आपल्यात रेणू, शाळेत अणुवु.” हातात वस्तू असल्यावर नावांची अदलाबदल करायला तिला क्षणही लागला नाही. ज्या मुलीला घरी ‘आजी’ आणि रस्त्यापलीकडे ‘अव्वा’ म्हणायला कधी अडचण पडली नाही, तिला ही का पडावी?

खरी गंमत पुढेच होती. मी म्हटले, “गोबरगॅस करा.” शेणाच्या गॅसमध्ये मुख्यत्वे मिथेन असतो आणि मिथेनच्या रेणूत एका काळ्या गोळीला चार पांढऱ्या. नातीने एक काळी गोळी घेतली आणि चार पांढऱ्या चार दिशांना जोडून जमिनीवर ठेवली, अगदी रांगोळीतल्या फुलीसारखी. हॉफमानचा १८६५ चा नमुनाही असाच सपाट होता! एवढ्या मोठ्या विद्वानाच्या पंक्तीला बसल्याचे तिला सांगितले नाही. आधी चूक सापडू दे म्हटले. “या चौघींना एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर बसायचे आहे. याहून दूर बसता येईल का?” तिने पुष्कळ खटपट केली, पण नजर जमिनीवरून सुटेना.

तेव्हा धाकट्याचे फुगे कामी आले. सारख्या आकाराचे दोन फुगे तोंडे एकत्र बांधून सोडले की ते समोरासमोर ताठ उभे राहतात. तीन बांधले की त्रिकोण होतो. चौथा बांधला की मात्र ते सपाट राहायचे साफ नाकारतात. ढकलले, दाबले, तरी हात सोडताच तीन खाली आणि एक वर अशी तिवई करून बसतात. वाचकांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा. चार फुगे आणि दोरा एवढाच खर्च. मुलांनी तो किती वेळा केला याची गणती नाही. त्या तिवईलाच चतुष्फलक म्हणतात, आणि तिच्या कोणत्याही दोन हातांमधला कोन सुमारे साडेएकशेनऊ अंशांचा भरतो. रांगोळीच्या फुलीत तो नव्वदच होता.

१८७४ साली व्हान्ट हॉफ या बावीस वर्षांच्या डच तरुणाने कार्बनचे चार हात असेच चतुष्फलकात पसरलेले असतात, असे एका छोट्या पुस्तिकेत मांडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेल यानेही स्वतंत्रपणे तेच सुचवले. व्हान्ट हॉफने पुठ्ठ्याचे छोटे नमुने करून शास्त्रज्ञांना धाडले. १८७७ मध्ये कोल्बे या वृद्ध व मान्यवर रसायनशास्त्रज्ञाने त्याची जाहीर टर उडवली. गुरांच्या वैद्यकशाळेतला हा शिक्षक कल्पनेच्या घोड्यावर बसून उडत आहे, अशा आशयाची. चोवीस वर्षांनी, १९०१ साली, रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याच व्हान्ट हॉफला मिळाले, जरी ते दुसऱ्या कामासाठी होते. ही गोष्ट सांगितल्यावर नातीने विचारले, “त्याच्यावर वर्गात हसले होते का?” मी म्हटले, वर्गात नव्हे, छापून हसले होते. ती थोडा वेळ काही बोलली नाही, पण या वेळचे गप्प बसणे निराळे होते.

पाण्याचा रेणू वाकडा का, हेही फुग्यांनीच उकलले. ऑक्सिजनभोवती खरे तर चार जोड्या इलेक्ट्रॉन असतात. त्यांतल्या दोनच हायड्रोजन धरतात. उरलेल्या दोन रिकाम्या असल्या तरी जागा अडवतातच. एसटीत रुमाल टाकून ठेवल्यासारखे! म्हणून दोन पांढऱ्या गोळ्या समोरासमोर न बसता साडेएकशेचार अंशांच्या कोनात बसतात. या वाकडेपणावर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्यामुळे पाण्याच्या रेणूच्या एका बाजूस किंचित ऋण आणि दुसऱ्या बाजूस किंचित धन विद्युत्‌भार राहतो. रेणू एकमेकांस ओढून धरतात, गोठताना ऐसपैस जाळी करून बसतात, आणि म्हणूनच सरबतातला बर्फ बुडत नाही.

एवढ्यावर मातीच्या गोळ्यांनी हात टेकले. हवेतल्या ऑक्सिजनचा रेणू करायचा तर दोन तांबड्या गोळ्यांनी एकमेकींचे दोन्ही हात धरायला हवेत. ताठ काड्या वाकेनात. एक जुळवावी तर दुसरी निसटावी. तेव्हा मला होशंगाबादची आठवण झाली.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी पुस्तक पाठ करण्याऐवजी स्वतः प्रयोग करावेत आणि तेही गावात मिळेल त्या साहित्याने, हा त्याचा गाभा. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्याच्या शाळांत गेला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो सांभाळला. तीस वर्षे चाललेला तो उपक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिताना माझी लेखणी सौम्य राहील याची मला खात्री नाही. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायची रबराची बारीक नळी, तिचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांपासून त्रिकोण, घन, चतुष्फलक अशा वाटेल त्या आकृत्या उभ्या करण्याची युक्ती त्यांनी तेथे बसवली. नळीच्या तुकड्याच्या दोन तोंडांत दोन काड्या बसतात. मध्यावर बाभळीच्या काट्याने भोक पाडले की तिसरी. दोन तुकडे काट्यावर आडवे ओवून जोडले की चार काड्यांचा सांधा तयार होतो. चार हातांचा कार्बनच म्हणा ना! ही युक्ती पुस्तकरूपाने अनेक भारतीय भाषांत गेली. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’त, पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीचा हातभार लागलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी २००३ ते २०१४ अशी वर्षे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यात घालवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बोथच्या बाजारात सायकल दुरुस्तीचे दुकान अजून आहे. मोटारसायकलींच्या या दिवसांत कोणी वीतवीत नळी मागते याचे त्या दुकानदारास इतके नवल वाटले की त्याने पैसे घ्यायचे नाकारले. आम्ही गोळ्यांच्या भोकांत अर्ध्या काड्या घट्ट बसवल्या आणि काडीला काडी नळीच्या तुकड्याने जोडली. रबर वाकते, त्यामुळे ऑक्सिजनचे दोन्ही हात जुळले. कार्बन डायऑक्साइडही झाला: मध्ये काळी, दोहों बाजूंना दोन-दोन हातांनी धरलेल्या तांबड्या, आणि सारे एका सरळ रेषेत.

मग गोबरगॅस पेटवायचा ठरला. मिथेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे दोन. दोघांनी मिळून ते सोडवले आणि पुन्हा जोडले तो कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि पाण्याचे दोन तयार. आधी गोळ्या किती? एक काळी, चार पांढऱ्या, चार तांबड्या, एकूण नऊ. नंतर? नऊच. धाकटा जमिनीवर वाकून शोधू लागला. “जळलं तर काहीतरी कमी व्हायला पाहिजे ना?” चुलीतले लाकूड जळून राख होताना तो रोज पाहत होता, त्याचा प्रश्न रास्त होता. नाहीसे काही होत नाही, फक्त हात सोडून दुसऱ्याचे धरले जातात. हे वाक्य मी पाठ्यपुस्तकातून शेकडो मुलांना सांगितले असेल. नऊ गोळ्या दोनदा मोजून ज्याने ते स्वतः शोधले असा विद्यार्थी मात्र मला निवृत्तीनंतर भेटला.

दुसऱ्या दिवशी भांडण झाले. दोन काळ्या, सहा पांढऱ्या आणि एक तांबडी अशा नऊ गोळ्या देऊन मी आत गेले होते. कोणाचाही हात मोकळा न ठेवता एक रेणू करायचा होता. नातीने दोन्ही काळ्या शेजारी ठेवून तांबडी एका टोकाला लावली. धाकट्याने ती दोन काळ्यांच्या मध्ये घातली. दोघेही नियमाने बरोबर, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे चूक ठरवायला माझ्याकडे आलेला. मी दोघांनाही बरोबर ठरवले, तेव्हा दोघेही रुसले. नातीचा रेणू म्हणजे इथेनॉल: दवाखान्यातले स्पिरिट आणि, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, आमच्याकडच्या मोहाच्या फुलांच्या दारूतला मद्यांश. तो अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतो. धाकट्याचा रेणू म्हणजे डायमिथिल ईथर, जो शून्याखाली चोवीस अंशांनाच उकळतो, म्हणून आपल्या हवेत वायूच असतो. गोळ्या त्याच, जुळणी निराळी. पुस्तकात याला समघटकता म्हणतात. त्यापुढे ‘पाठ करा’ असे लिहिलेले नसते, पण समजले जाते.

“पण हे कोणी पाहिलंय का?” असे धाकट्याने शेवटी विचारलेच. उत्तर देणे भाग होते. अणू मानावेत की नाही याविषयी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ साशंक होते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण थरथरत राहतात ते पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये गणिताने मांडले आणि पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगांनी सिद्ध केले, तेव्हा शंका मावळली. १९८१ नंतर तर पृष्ठभागावरचे एकेक अणू टिपणारी सूक्ष्मदर्शके झाली. पण अणूंना रंग नसतो, काड्या नसतात, आणि हे मी मुलांना पुनःपुन्हा सांगितले. डाल्टनच्या लाकडी गोळ्या साधारण १८१० च्या सुमाराच्या. पण पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढेच असते, अशी त्याची समजूत होती. गोळ्या हातात असल्या म्हणजे उत्तर बरोबर येतेच असे नव्हे. चूक डोळ्यांसमोर येते, एवढे खरे.

आकाराची कल्पना मात्र सहजी येत नाही. अणूचा व्यास साधारण इतका की एका सेंटीमीटरवर दहा कोटी अणू ओळीने बसावेत. आमची अडीच सेंटीमीटरची गोळी म्हणजे अणूची पंचवीस कोटी पट. त्याच प्रमाणात धाकट्याला वाढवले तर? त्याची उंची सव्वा मीटर. हिशेब करता तीन लाख किलोमीटरांच्या वर गेला, म्हणजे चंद्राच्या वाटेवर तीन चतुर्थांशाहून अधिक. हा आकडा त्याने गल्लीत सर्वांना सांगितला.

नातीने पुठ्ठ्यावर एक तक्ता केला. वरच्या ओळीत एकटी पांढरी गोळी चिकटवून खाली मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत तिची नावे. खालच्या ओळीत पाण्याचा रेणू आणि त्याची नावे. दादांनी अक्षरे तपासली. “मराठीतलं मी सांगितलं तेच ना?” असे त्यांनी दोनदा विचारले. तिने तक्ता शाळेत नेला. शिक्षकांनी तो पाहून तिलाच वर्गापुढे बोलायला उभे केले, आणि वर्गातल्या दोन गोंड मुलींनी तिला गोंडीत याला काय म्हणायचे ते विचारले. उत्तर तिला नव्हते, मलाही नाही. त्या मुलींनी आपापसांत चर्चा करून एक शब्द ठरवला आणि तक्त्यावर चौथा रकाना वाढला, असे नंतर कळले.

मी हैदराबादेस परतल्यावर महिन्याभराने फोन आला. प्रश्न असा, की मिठाचा रेणू कसा करायचा? सोडियमला एक हात, क्लोरीनला एक हात. दोन गोळ्या जोडल्या, पण एवढे सोपे असेल असे तिला वाटेना. तिचा संशय खरा होता. मिठाला रेणू नसतोच! तेथे कोणी कोणाचा हात धरत नाही. धन आणि ऋण भारांचे कण एकाआड एक असे चहूंकडे रचत जातात. मी म्हटले, हळदीने काही गोळ्या पिवळ्या कर, पाल्याच्या रसाने काही हिरव्या कर, आणि प्रत्येक पिवळीच्या शेजारी हिरवी येईल असा तीन-तीन-तीनचा घन रच. सत्तावीस गोळ्या लागतील. मधल्या पिवळीला सहा हिरव्या शेजारी मिळतील.

रात्री धाकट्याने फोन घेतला. हिरव्या चौदा भरतात आणि पिवळ्या तेराच, तेव्हा आत्याआजीचा हिशेब चुकला आहे, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, हिशेब चुकला नाही, आपण रचायचे मध्येच थांबलो. मिठाच्या एका बारीक कणाच्या एकेका कडेवर असे सुमारे दहा लाख कण असतात. तेथे एकाने काय फरक पडतो? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याने दादांना हाक मारून विचारलेले मला ऐकू आले, की ओढ्यावरून आणखी माती कधी आणायची.